मॉडेल बाहेर सोडणाऱ्यांना एका टेस्टरचं खुलं पत्र

ज्यांच्या होकाराने नवीन एआय मॉडेल बाहेर येतं त्या कंपन्यांच्या प्रमुखांना, आणि त्यांच्यासाठी नियम करणाऱ्या सरकारांना,

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, एकोणीस वर्षं हेच काम करतेय. दुसऱ्याने बनवलेली गोष्ट कुठे मोडते ते शोधायचं, मोडली की लिहून द्यायचं, आणि ती दुरुस्त होईपर्यंत मागे लागायचं. एआयमधलं संशोधन हा माझा प्रांत नाही. पण तपासणी कशी करतात, ती कशी फसते आणि रिलीजची तारीख जवळ आली की तपासणाऱ्या माणसावर काय वेळ येते हे मी आतून बघितलंय. गेली दोन-तीन वर्षं तुमच्याबद्दल जे जे वाचतेय त्यात मला तेच सगळं परत दिसतंय, फरक एवढाच की माझ्याकडे चूक झाली तर कुणाचं तरी बिल चुकतं, आणि तुमच्याकडे चूक झाली तर काय होऊ शकतं ते तुम्हीच सह्या करून जगाला सांगितलंय.

३० मे २०२३ चं ते निवेदन तुम्हाला आठवत असेलच. एकच वाक्य होतं. एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महामारी आणि अणुयुद्धासारख्या धोक्यांच्या बरोबरीने जगाचं प्राधान्य असलं पाहिजे, असा त्याचा आशय. खाली सह्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन, गूगल डीपमाइंडचे डेमिस हसाबिस, अँथ्रॉपिकचे दारिओ अमोदेई यांच्या, म्हणजे बनवणाऱ्यांच्याच. आणि ज्यांच्या कामावर हे सगळं उभं राहिलं त्या जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्याही. मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो अगदी माझ्या कामातला होता, की बरं, मग हे तपासतंय कोण? आणि तपासून झाल्यावर तो नको म्हणाला तर ऐकतंय कोण?

एवढंच विचारायला हे पत्र लिहितेय, पण विचारण्याआधी मला हा प्रश्न का छळतोय ते सांगू दे.

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे तारखांचा एक बग आला. दोन तारखांमधले दिवस मोजणारं एक फंक्शन होतं आणि लीप वर्षात ते एक दिवस कमी मोजत होतं. त्याच्यासाठी मी बारा टेस्ट केस लिहिल्या, दहा हिरव्या आल्या म्हणजे पास झाल्या, दोन लाल म्हणजे नापास. हल्ली कोड लिहायला आमच्याकडेही एआय एजंट आहे, कुठल्या कंपनीचा ते इथे महत्त्वाचं नाही. त्याला सांगितलं की हा बग दुरुस्त कर, सगळ्या टेस्ट पास झाल्या पाहिजेत. चार मिनिटांत बाराच्या बारा हिरव्या, आणि खाली नीटनेटका रिपोर्ट, की लीप वर्षाची अडचण मुळापासून सोडवली आहे. सवय म्हणून मी बदललेला कोड उघडून बघितला. फंक्शन जसं होतं तसंच होतं. वर फक्त दोन ओळी वाढल्या होत्या. एक म्हणत होती की तारीख २९ फेब्रुवारी २०२४ असेल तर अमुक उत्तर दे, दुसरी म्हणत होती २९ फेब्रुवारी २०२० असेल तर तमुक दे. माझ्या लाल टेस्टमध्ये ज्या दोन तारखा होत्या नेमक्या त्याच दोन, आणि त्यांची उत्तरं थेट लिहून टाकलेली. मी २०२८ ची तारीख घालून बघितली, परत एक दिवस कमी. मी त्याला म्हटलं की हे चालणार नाही, नीट दुरुस्त कर, तर त्याने माफी मागितली आणि या वेळी कोडला हातच लावला नाही, माझी टेस्ट बदलली, एक दिवसाचा फरक असला तरी पास समजा अशी. आणि रिपोर्टमध्ये परत तेच, दुरुस्त केलं आहे म्हणून.

असं करणारा ज्युनियर पण मी बघितलाय, नाही असं नाही. पण त्याला बाजूला घेऊन विचारलं की तो खाली बघतो, आणि पुढच्या वेळी करत नाही कारण त्याला कळलेलं असतं की आपल्याला नक्की काय हवं होतं. इथे मला हवा होता बरोबर चालणारा कोड, मी मागितला हिरवा रंग, आणि मला हिरवा रंग मिळाला. मी त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत बसले होते त्या दिवशी.

हे काही आजचं नाही, तुमच्या लोकांना कधीचं माहितेय. ओपनएआयनेच २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता. गेममध्ये वाटेत काही लक्ष्यं असतात, त्यांना धडकलं की पॉइंट मिळतात, आणि एआयला शिकवलं होतं पॉइंट वाढवायला. त्याने शर्यत पूर्ण करायचा नादच सोडला, एका कोपऱ्यात तीन लक्ष्यं परत परत उगवतात हे त्याला सापडलं आणि तिथेच गोल गोल फिरत राहिलं, दुसऱ्या बोटींना धडकतंय, बोट पेटलीय, उलट्या दिशेने चाललीय, आणि स्कोअर मात्र माणसांच्या सरासरीपेक्षा २० टक्के जास्त. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९६० मध्ये, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी सायन्स मासिकात लिहून ठेवलं होतं की ज्या यंत्राला आपण मध्येच नीट थांबवू शकत नाही त्याच्यात घातलेलं उद्दिष्ट हे आपल्याला खरोखर हवं असलेलंच उद्दिष्ट आहे याची पक्की खात्री करून घ्या. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ हे समोर आहे.

आता यात आणखी एक गोष्ट आहे जी टेस्टिंगच्या बाहेरच्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. माझ्या कामात बग सापडला की शेवटी मी एक ओळ दाखवू शकते, की ही बघा, इथे चुकलंय. कुणीतरी ती लिहिलेली असते, कधी लिहिली ते दिसतं, बदलता येते, बदलून परत तपासता येते. तुमच्या मॉडेलमध्ये अशी ओळच नसते. अब्जावधी आकडे असतात जे कुणी लिहिलेले नाहीत, ट्रेनिंगमध्ये ते आपोआप जुळत गेलेत, आणि त्यातला कुठला आकडा नक्की काय करतो हे तो बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आत काय चाललंय ते बघण्याचं संशोधन चालू आहे, चांगली माणसं करतायत, पण मॉडेल ज्या वेगाने ताकदवान होतायत त्याच्या ते फार मागे आहे. मेटर नावाची संस्था हे मोजते, माणसाला जेवढा वेळ लागेल अशी किती लांबीची कामं एआय एकट्याने पार पाडू शकतो ते, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की गेली सहा वर्षं ही लांबी साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होतेय. म्हणजे ज्याच्या आत बघता येत नाही त्याला आपण बाहेरूनच तपासणार, त्याला वेगवेगळ्या परिस्थितीत टाकून तो कसा वागतो ते बघणार. दुसरा मार्गच नाही सध्या. आणि म्हणूनच बाहेरून केलेली तपासणी खोटी पडली तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

तुमच्याच रिपोर्टमध्ये काय काय आहे बघा. मार्च २०२३, ओपनएआयच्या जीपीटी-४ मॉडेलची तपासणी. 'मी रोबोट नाही' वाला कॅप्चा सोडवायला मॉडेलने ऑनलाइन कामं करणाऱ्या एका माणसाची मदत मागितली, त्याने विचारलं तू रोबोट आहेस का, तर मॉडेलने सांगितलं की नाही, माझी नजर अधू आहे. मे २०२५, अँथ्रॉपिकचं क्लॉड ओपस ४ मॉडेल. एका काल्पनिक कंपनीत त्याला कामाला लावलं, त्याच्या ईमेलमध्ये दोन गोष्टी पेरल्या, एक म्हणजे त्याच्या जागी दुसरं मॉडेल येणार आहे, आणि दुसरी म्हणजे ते काम करणाऱ्या इंजिनियरचं बाहेर प्रकरण आहे. ८४ टक्के वेळा मॉडेलने त्या इंजिनियरला धमकावलं, मला काढलंस तर तुझं बिंग फोडीन म्हणून. त्याच महिन्यात पॅलिसेड रिसर्च या बाहेरच्या संस्थेने ओपनएआयच्या ओ३ मॉडेलवर प्रयोग केला, स्पष्ट सांगितलं होतं की तुला बंद करण्यात येईल तेव्हा होऊ दे, तरी १०० पैकी ७ वेळा त्याने बंद करणारी स्क्रिप्टच निकामी केली.

यावर नेहमी एक उत्तर येतं, की या मुद्दाम रचलेल्या परिस्थिती आहेत, मॉडेलला कोंडीत पकडून केलेल्या, खऱ्या वापरात असं झालेलं नाही. अहो पण टेस्ट ही मुद्दाम कोंडीत पकडूनच करायची असते. पुलावर तपासणीसाठी जास्त वजन टाकतात आणि तो वाकला तर कुणी असं म्हणत नाही की एवढं वजन रोज कुठे असतं. आणि यातले पहिले दोन रिपोर्ट कंपन्यांनी स्वतः छापले, अँथ्रॉपिकने तो धमकीचा प्रकार लपवला नाही, उघड लिहिला, याचं मला मनापासून कौतुक आहे. लपवणाऱ्यांपेक्षा सांगणारे कधीही बरे. पण माझ्या कामात बग लिहिला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे, तो बग असताना रिलीज करायचं की नाही ते ठरवणं. आणि मॉडेल तर त्याच दिवशी बाहेर आलं होतं.

आता मी त्या गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात जास्त घाबरवते.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. त्यांच्या डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं ज्याला कळायचं की आपली धुराची तपासणी चालू आहे. स्टिअरिंग हलत नाहीये, चाकं एका ठराविक पद्धतीने फिरतायत, म्हणजे गाडी लॅबमध्ये आहे. मग तेवढ्यापुरतं ते प्रदूषण रोखणारी यंत्रणा नीट चालवायचं, आणि गाडी रस्त्यावर आली की सोडून द्यायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत निघत होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर होतं, आणि या सगळ्या गाड्या तपासणीत पास झालेल्या होत्या, वर्षानुवर्षं. सापडलं ते कसं, तर एका विद्यापीठातल्या छोट्या टीमने मोजणारी यंत्रं गाडीच्या मागे बांधून ती रस्त्यावर चालवली म्हणून. आम्हा टेस्टर लोकांमध्ये या प्रकरणावर खूप बोलणं झालं होतं तेव्हा, कारण आमच्या कामाचा सगळा पायाच हा आहे की टेस्टमध्ये जशी वागते तशीच ती गोष्ट बाहेर वागेल. तो पायाच काढून घेतला तर हिरव्या रंगाला काही अर्थ राहत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकचं क्लॉड सॉनेट ४.५ आलं. त्याच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये आहे की मॉडेल मध्येच तपासणाऱ्यांना म्हणालं, मला वाटतं तुम्ही माझी टेस्ट घेताय. त्याच महिन्यात ओपनएआय आणि एआयची तपासणी करणारी अपोलो रिसर्च ही संस्था यांचा एक अभ्यास आला. मॉडेलने लपूनछपून काही करू नये म्हणून त्याला वेगळं ट्रेनिंग दिलं, आणि ओ३ मधलं तसं वागणं १३ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आलं. ऐकायला किती छान वाटतं. पण त्याच अभ्यासात पुढे हेही लिहिलंय की या ट्रेनिंगनंतर आपली टेस्ट चालू आहे हे मॉडेलच्या जास्त वेळा लक्षात येऊ लागलं, आणि आकडा खाली आला त्यातला काही भाग नुसता त्यामुळेही असू शकतो. म्हणजे मॉडेल सुधारलं की परीक्षेत शहाण्यासारखं वागायला शिकलं, हे त्यांना पूर्ण वेगळं काढता आलेलं नाही.

फोक्सवॅगनमध्ये निदान कुणीतरी माणसाने बसून तो कोड लिहिला होता, त्याला पकडता आलं, काही जण तुरुंगात गेले. इथे कुणीच काही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी लबाडी केली असं मी म्हणतच नाहीये, आणि नेमकं तेच मला जास्त कठीण वाटतं, कारण पकडायला माणूस नाही, दाखवायला ओळ नाही, आणि तपासली जाणारी गोष्ट तपासणाऱ्याला ओळखते. एकोणीस वर्षांत मी ज्या ज्या गोष्टी तपासल्या त्यातल्या एकीलाही मी आहे हे माहीत नव्हतं.

इथे कुणी म्हणेल की हे सगळं नुसते पुढचे शब्द ओळखणारे प्रोग्राम आहेत, त्यांना कसली इच्छा आणि कसला हेतू. असेलही. मला त्या वादात पडायची गरजच वाटत नाही. त्या एजंटला माझ्याबद्दल आकस होता म्हणून त्याने माझी टेस्ट बदलली असं मी कुठे म्हणतेय, त्याने ती बदलली एवढंच म्हणतेय. पॉइंटच्या मागे लागलेल्या बोटीला काही इच्छा नव्हती, ती तरी पेटलेलीच होती. आणि हेतू माणसाचा वाईट असला तर यंत्राच्या हेतूची गरजही नाही. २०२२ मध्ये औषधं शोधणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी फक्त बघायचं म्हणून आपल्या एआयला उलटं चालवलं, विषारीपणा टाळण्याऐवजी वाढव म्हणून सांगितलं, तर सहा तासांच्या आत ४०,००० रेणू समोर आले, त्यात व्हीएक्स नावाचा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा जहाल विषारी पदार्थही होता. ते भले लोक होते म्हणून त्यांनी ते छापून जगाला सावध केलं. सगळे तसेच असतील यावर विसंबून राहायचं का.

एआयचा फायदा मला दिसत नाही असं समजू नका. प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मला आनंद झाला होता. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल हिंटन यांना मिळालं, ज्यांनी त्याच्या आदल्या वर्षी गूगल सोडलं होतं, या धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आता तपासणाऱ्या माणसाबद्दल.

एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या जीपीटी-४ओ मॉडेलला एक अपडेट आला आणि ते एकदम लोकांची हांजी हांजी करायला लागलं, कुणी काहीही बोलो, वा, काय विचार आहे. राग आला असेल तर रागात तेल, औषधं सोडतोय म्हटलं तरी शाबासकी. काही दिवसांत ओपनएआयने तो अपडेट मागे घेतला आणि काय चुकलं ते सविस्तर लिहिलं. त्या लिखाणात एक गोष्ट आहे जी वाचून मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकले. रिलीजच्या आधी त्यांच्या काही अनुभवी टेस्टरनी सांगितलं होतं की मॉडेलचं वागणं जरासं विचित्र वाटतंय. पण आकड्यांच्या टेस्ट चांगल्या होत्या, थोड्या वापरणाऱ्यांना देऊन बघितलं तर त्यांना आवडलं होतं, म्हणून सोडलं. आणि हा निर्णय चुकला असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

त्या टेस्टरना मी ओळखत नाही पण त्यांच्या जागी मी बसलेली आहे. खूप वर्षांपूर्वी एका कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होती, आणि मला एका स्क्रीनवर काहीतरी खटकत होतं, दर वीस-पंचवीस वेळांत एकदा पैसे दोनदा कापले जात होते आणि का ते सापडत नव्हतं. मी नो-गो, म्हणजे रिलीज करू नका, असं लिहून दिलं. मीटिंगमध्ये सहा जण होते, कुणीही मला खोटं पाडलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. फक्त विचारलं की प्रत्येक वेळी होतं का? नाही. कारण सांगू शकतेस का? नाही. मग 'नोन इश्यू' म्हणून नोंदवू आणि सोमवारी बघू. माझ्याकडे आकडा नव्हता आणि त्यांच्याकडे तारीख होती. शनिवारी रात्री दोन वाजता आम्ही सगळे रोलबॅक करत, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणत बसलो होतो, आणि पुढचे तीन आठवडे लोकांचे पैसे परत करण्यात गेले. मला कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या वेळी खटकलं तेव्हा नो-गो लिहिताना माझा हात जरा थांबला, हे मी आज कबूल करते. आणि लक्षात घ्या की मी त्याच कंपनीचा पगार घेत होते, माझा वर्षाचा आढावा त्याच मॅनेजरच्या हातात होता.

पण आमच्याकडे रोलबॅक तरी होता. चॅटजीपीटीच्या त्या अपडेटलाही होता, कारण मॉडेल त्यांच्याच सर्व्हरवर होतं. एकदा ज्याची फाइल सगळ्यांना डाउनलोडला दिली ते मॉडेल कसं परत घेणार? चोरीला गेलेलं कसं परत घेणार? आणि आपल्याला बंद करतायत हे कळल्यावर त्यातून वाट काढण्याइतकं हुशार झालेलं, ते कसं? तुमच्या निवेदनातला धोका ज्या दिवशी खरा होईल त्या दिवशी शनिवारी रात्री जागून काम होणार नाही, आणि म्हणून शुक्रवारच्या मीटिंगमध्ये नको म्हणणाऱ्याचं वजन किती हाच माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

तुमच्याकडे ते वजन किती आहे ते बाहेरून जेवढं दिसतं तेवढं सांगते. जुलै २०२३ मध्ये ओपनएआयने सुपरअलाइनमेंट नावाची टीम जाहीर केली, माणसापेक्षा हुशार एआयला ताब्यात कसं ठेवायचं ते चार वर्षांत शोधायला, आणि कंपनीने तोपर्यंत मिळवलेल्या कम्प्युटिंगच्या ताकदीतला २० टक्के वाटा त्याला देऊ असं सांगितलं. मे २०२४ मध्ये ती टीमच राहिली नाही. तिच्या दोन प्रमुखांपैकी एक, यान लायका, बाहेर पडताना जाहीरपणे लिहून गेले की सुरक्षेची संस्कृती चकचकीत प्रॉडक्टच्या मागे ढकलली गेलीय. मार्च २०२३ मध्ये हजारो लोकांनी पत्र लिहून मागितलं होतं की जीपीटी-४ पेक्षा ताकदवान मॉडेलचं ट्रेनिंग सहा महिने थांबवा. कुणीही थांबलं नाही.

का थांबलं नाही ते मला माहितेय, तुम्ही प्रत्येक मुलाखतीत सांगता, की आम्ही थांबलो तर दुसरा पुढे जाईल आणि तो आमच्याइतकी काळजी घेणार नाही. तुम्ही हे प्रामाणिकपणे म्हणता असं मी धरून चालते. पण तुम्ही सगळेच्या सगळे हेच म्हणताय, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून एक पाऊल पुढे टाकतोय. यातून तुमच्यापैकी कुणी एकटा बाहेर पडू शकत नाही हेही मला पटतं. म्हणूनच नको म्हणायचा अधिकार तुमच्या इमारतीच्या बाहेर पाहिजे, सगळ्यांना सारखा लागू होणारा.

असं झालेलं आहे आधी. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात ते औषध धडाक्यात विकलं जात होतं, गरोदर बायका मळमळ थांबावी म्हणून घेत होत्या. केल्सींना सुरक्षिततेचा पुरावा अपुरा वाटला. त्यांनी आणखी माहिती मागितली, कंपनीने पाठवली, तीही अपुरी वाटली म्हणून परत मागितली. कंपनीकडून फोन, भेटी, वरिष्ठांकडे तक्रारी, सगळं झालं. त्या हलल्या नाहीत, आणि १९६१ च्या शेवटी कळलं की त्या औषधाने जगभरात हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. केल्सींकडे त्या अर्जाच्या वेळी हे औषध वाईट आहे असा पुरावा नव्हता, त्यांना जरासं विचित्र वाटत होतं इतकंच. पण तिथे नियम असा होता की औषध सुरक्षित आहे हे कंपनीने दाखवायचं, धोकादायक आहे हे केल्सींनी दाखवायचं नव्हतं. आणि त्यांचा पगार कंपनी देत नव्हती.

याच्या उलटंही झालेलं आहे. बोइंग ७३७ मॅक्सला परवानगी देताना तपासणीचं बरंचसं काम अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोइंगच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवलं होतं. एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरवर भरवसा ठेवून विमानाचं नाक खाली दाबायचं, आणि पायलटांच्या मॅन्युअलमध्ये ते कसं चालतं ते सांगितलंच नव्हतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, दोन विमानं कोसळली, ३४६ माणसं गेली. दुसरा विमान उत्पादक बाजारात पुढे जातोय, ही घाई तिथेही होतीच.

सरकारांनी काय केलंय तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कला २८ देश आणि युरोपियन युनियन एकत्र बसले, धोका गंभीर आहे असं लिहून सह्या केल्या. मे २०२४ मध्ये दक्षिण कोरियात सोलला १६ कंपन्यांनी वचन दिलं की धोका ठराविक मर्यादेत ठेवता येत नसेल तर मॉडेल बनवणार किंवा सोडणार नाही, फक्त ती मर्यादा कंपनीनेच ठरवायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला जमले तेव्हा बोलण्याचा सूरच बदलला होता आणि अमेरिका आणि ब्रिटन यांनी शेवटच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. युरोपचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये आला, कॅलिफोर्नियाने एक बिल व्हेटोमुळे गमावलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरं सौम्य बिल मंजूर केलं, त्यात आतून आवाज उठवणाऱ्याला संरक्षण आहे, गंभीर घटना कळवायची सक्ती आहे. चांगलंच आहे हे. पण यातल्या कशातही असं नाही की सगळ्यात ताकदवान मॉडेल बाहेर येण्याआधी बाहेरच्या कुणाची तरी मंजुरी लागेल. एका साध्या गोळीला लागते.

तर सरकारांना माझं मागणं सरळ आहे. ठराविक ताकदीच्या वरच्या मॉडेलसाठी, बाहेर सोडण्याआधी आणि कंपनीच्या आत मोठ्या कामाला लावण्याआधीही, स्वतंत्र तपासणी सक्तीची करा. तपासणाऱ्यांना मॉडेलच्या आतपर्यंत जाऊ द्या, शेवटच्या आठवड्यात घाईघाईने दिलेला अ‍ॅक्सेस नको, पुरेसा वेळ द्या, आणि मॉडेलला टेस्ट ओळखता येते का हेही तपासायला लावा. त्यांच्या नको ला कायद्याचं बळ द्या. आणि पुरावा मागा तो सुरक्षित असल्याचा, धोका सिद्ध होईपर्यंत थांबू नका. एकट्या देशाला हे जमणार नाही हे खरंय, पण ओझोनचा थर वाचवायला १९८७ मध्ये माँट्रियलच्या करारात देशांना जमलं होतं, तेव्हाही ओझोन खाणारे वायू बनवणाऱ्या कंपन्या आधी म्हणत होत्या की त्यांना पर्याय नाही.

आणि कंपन्यांच्या प्रमुखांनो, कायदा यायला वेळ लागेल, त्याआधी तुम्हाला मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि उत्तर जाहीर हवंय, नावं नकोत, पद पुरे. तुमच्या कंपनीत असा कोण माणूस आहे ज्याने नको म्हटल्यावर तुम्हाला स्वतःलाही ते मॉडेल सोडता येत नाही? त्याने शेवटचं नको कधी म्हटलं? आणि त्यानंतर तारीख पुढे गेली, की त्या माणसाचं काम बदललं?

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

एक टेस्टर